निळ्या औषधाचं अ‍ॅव्हरेज

टाय लावलेला माणूस आमच्या घरी पहिल्यांदा आला तो डिझेलचं औषध घेऊन. त्याआधी आमच्याकडे टाय लावून कुणी येण्याचं कारणच नव्हतं. हडपसरमधल्या आमच्या दोन खोल्यांत, भर उन्हाळ्यात, गळ्याशी गाठ आवळून तो बसला, चहा प्यायला आणि बॅगेतून निळ्या औषधाच्या दोन बाटल्या काढून त्याने टीपॉयवर ठेवल्या. "टाकी भरली की एक बाटली ओतायची. अ‍ॅव्हरेज वाढलं नाही तर नाव बदलीन," म्हणाला. नाव काय होतं ते आता आठवत नाही, त्यामुळे बदललं की नाही हेही कळायला मार्ग नाही.

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, एक ट्रक होता. एकच. तो हडपसरहून सोलापूरला यंत्रांचे सुटे भाग न्यायचा आणि येताना चादरी-टॉवेलांचे गठ्ठे आणायचा. चालवायला लोणी काळभोरचे एक ड्रायव्हर होते, अण्णांपेक्षा वयाने थोडे मोठे. अण्णा स्वतः कारखान्यात लेथवर, लोखंड कापायला. ट्रक हा त्यांचा दुसरा संसार आहे असं आई म्हणायची, आणि ते काही कौतुकाने म्हणायची नाही.

त्या वर्षी अण्णांच्या कारखान्याने व्हीआरएस काढली होती. आपणहून अर्ज भरायचा, नोकरी सोडायची, एकरकमी पैसे घ्यायचे आणि घरी बसायचं. अर्ज घरात येऊन पडला होता, महिनाअखेर शेवटची तारीख होती. अण्णा त्याच्याकडे बघतही नव्हते. पण टायवाल्याने जाता जाता गूळ लावला: सोलापूर रस्त्यावरची सगळी एजन्सी तुम्हालाच देतो. झालं! अण्णांनी जाहीर केलं, की औषध खरं निघालं तर ते अर्ज भरणार आणि ट्रकवाल्यांना बाटल्या विकणार.

आई स्वयंपाकघरातून तशीच बाहेर आली. "अहो, तुम्हाला भाजीवाल्याशी घासाघीस करता येत नाही, तुम्ही बाटल्या विकणार?" तिने मला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि म्हणाली, "तू शिकलेली आहेस ना? मग थांबव ह्यांना."

मी नुकतीच आयटीत लागले होते. काल-परवापर्यंत जिथे उसाला पाणी सुटायचं तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, त्यातल्या एकीत. काम टेस्टिंगचं. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका काढायच्या. हे आईला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "चुका काढायला पगार देतात? मी आयुष्यभर फुकट काढल्या." तर अशी मी, सहा महिन्यांच्या नोकरीच्या जोरावर सगळ्या जगाला शहाणं करायला निघालेली. मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, असं कुणाच्या सांगण्यावरून ठरवायचं नसतं. टेस्ट करू."

"करू की," अण्णा म्हणाले. त्यांना वाटलं, एक बाटली ओतून बघायची. मी चाळीस कलमं लिहून आणली.

टाकी काठोकाठ भरायची. ट्रक सोलापूरला जाऊन आला की त्याच पंपावर, त्याच नळीने, ट्रकचं तोंड त्याच बाजूला ठेवून पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं डिझेल मावेल तेवढं खर्च झालं. ही रीत हिंदुस्थानातल्या प्रत्येक ट्रकवाल्याला ठाऊक होती, मी मात्र ती स्वतः शोधून काढल्याच्या थाटात सांगितली. एकूण चार फेऱ्या. दोन औषध घालून, दोन नुसतंच औषधासारखं दिसणारं काहीतरी घालून. कुठल्या फेरीला खरं आणि कुठल्या फेरीला खोटं, हे अण्णांना कळता कामा नये, ड्रायव्हरला नाही, मलाही नाही.

"औषधासारखं निळं काय घालायचं पण?" मी विचारात पडले.

"रेशनचं रॉकेल निळंच असतं की," आई म्हणाली.

हे मला सुचलं नाही याचा मला रागच आला. पण होतं खरं. बाटलीभर रॉकेलने एवढ्या मोठ्या टाकीला काही होत नाही, असं ड्रायव्हरनेही सांगितलं. म्हणून मग बाटल्यांचा सगळा कारभार आईकडे सोपवला. तिने चार बाटल्या भरल्या, दोघींना कुंकवाचा ठिपका लावला, दोघींना हळदीचा. कुठला ठिपका कशाचा याची चिठ्ठी लिहून तिने ती डाळीच्या डब्यात टाकली आणि मला बजावलं, "डब्याला हात लावशील तर बघ." दोन दिवस मोरीला कसला तरी उग्र वास येत होता. मी आईवर चिडचिड केली, ती म्हणाली फिनाइल बदललंय. मी टेस्टर, मी ते खरं मानलं.

चाळिसातलं शेवटचं कलम असं होतं, की कुणीतरी विश्वासाचं माणूस प्रत्येक फेरीत ट्रकमध्ये बसलं पाहिजे आणि सगळं वहीत टिपलं पाहिजे. ड्रायव्हरचं मन दुखावेल म्हणून मी ते कलम हळूच सांगितलं. अण्णांनी लगेच हात वर केला. साठलेली सगळी रजा टाकली, नवी वही आणली, शर्टाच्या खिशात दोन पेनं अडकवली आणि एखाद्या मुलाने सहलीला निघावं तसे ते ट्रकमध्ये चढले.

पहिल्या दिवशी पंपावर मीही गेले होते. टाकी काठोकाठ भरली, पण आत हवेचे बुडबुडे राहतात असं मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून मी ट्रक हलवायला लावला. अण्णा एका बाजूने, ड्रायव्हर दुसऱ्या बाजूने, आणि मी ओढणी कमरेला खोचून मागून. ट्रक तसूभर हलेना. मग अण्णा मागच्या बाजूला चढून जागच्या जागी उड्या मारायला लागले. पंपावरचा माणूस हातात नळी धरून आमच्याकडे बघत होता. "ताई," तो म्हणाला, "मागे सहा गाड्या उभ्या आहेत. मोरंब्याची बरणी घरी भरा."

मी त्याला टेस्टचं महत्त्व सांगायला लागले. त्याने ऐकून घेतलं, आणि "पुढची गाडी," असं म्हणाला.

चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी अण्णा धुळीने माखून, आवाज बसवून आणि खुशीत परत यायचे. एकदा खांदा धरून आले. आईने शेकायला पिशवी दिली आणि काय झालं विचारलं, तर म्हणाले, "टेस्ट सोपी असते का?"

शेवटच्या फेरीनंतर मी हिशेब मांडला. ड्रायव्हरच्या आधीच्या दोन महिन्यांच्या फेऱ्यांना चारचं अ‍ॅव्हरेज होतं. लिटरला चार किलोमीटर. कुंकवाच्या बाटल्यांना पडलं साडेचार. हळदीच्या बाटल्यांनाही साडेचार, किंचित वरच. मी तीनदा बेरीज केली. तरी तेच.

"बघ!" अण्णांनी घर डोक्यावर घेतलं. "दोन्ही ठिपक्यांच्या बाटल्या लागू पडल्या!"

"अण्णा, त्यातल्या दोन बाटल्यांत रॉकेल होतं."

"मग रॉकेलही लागू पडलं," अण्णा म्हणाले आणि अर्ज शोधायला उठले. शेवटच्या तारखेला तीन दिवस राहिले होते.

मी स्वयंपाकघरात गेले आणि डाळीच्या डब्यात हात घातला. आईने माझा हात धरला. "चिठ्ठी नको बघूस," ती हळूच म्हणाली. "चारही बाटल्यांत रॉकेलच होतं."

"म्हणजे?"

"औषध मी पहिल्याच दिवशी मोरीत ओतलं. म्हटलं, औषधच नाही तर अ‍ॅव्हरेज कुठून वाढेल? नाही वाढलं की ह्यांचं खूळ जाईल. आता हे मेलं वाढलं कसं?"

"आई! तू माझी टेस्ट नासवलीस!"

"खड्ड्यात गेली तुझी टेस्ट. ह्यांची नोकरी सुटली तर तुझ्या टेस्टची आमटी करू का?"

पण तिचा प्रश्न खरा होता: वाढलं कसं? मी अण्णांची वही काढली. पहिल्या पानावर किलोमीटर, लिटर, सगळं शिस्तीत. आणि पुढे पानंच्या पानं भलतंच काहीतरी. 'उरुळीच्या पुढे, डाव्या हाताला, चिंचेखाली, बरा उतार.' 'भिगवणच्या अलीकडे ढाबा, जेवण सुमार, उतार उत्तम.' 'टेंभुर्णीजवळ उतार नाही. अकरा माणसं जमवली. त्यातला एक वऱ्हाडी, नवरदेवाचा मामा. फार मनमिळाऊ.' 'मोहोळ, उतार आहे पण म्हैस बसते.'

हडपसरपासून सोलापूरपर्यंतचे सगळे उतार. त्या सपाट रस्त्यावर एवढे उतार आहेत हे खुद्द रस्त्यालाही माहीत नसेल.

ड्रायव्हर किल्ली द्यायला आले तेव्हा मी त्यांना दारातच गाठलं. "हे उतार कसले, काका?"

ते आधी डोकं खाजवत उभे राहिले. मग म्हणाले, "ताई, बॅटरी मेलेली हाय. सेल्फ मारला की नुसतं कुंथतंय. भरलेली गाडी ढकलायची कुनी? म्हून म्या वाटंत इंजिन बंदच करत न्हाई. जेवताना चालू, माल उतरिताना चालू, घटकाभर आडवा झालो तरी चालू. आता मालक शेजारी बसल्यालं. ते म्हनत्यात, बंद करा, टेस्ट चालू हाय. मग काय करता? उतार बघून गाडी लावायची. न्हाई घावला उतार, तर मानसं गोळा करायची."

"मग बॅटरी बदलली का नाही?"

"दोन वरसं झाली सांगतोय. मालक म्हनत्यात, धक्क्यावर चालतीया की."

मी वही पुन्हा उघडली. आधीच्या फेऱ्यांत अण्णा ट्रकमध्ये नव्हते आणि टेस्टच्या फेऱ्यांत होते. एवढा एकच फरक होता, तो मीच कलम लिहून घातला होता, आणि तोच मला दिसला नव्हता. ऑफिसात दुसऱ्याच्या अशा चुकीवर मी पानभर लिहिलं असतं. पण खरं सांगते, लाज वाटण्याआधी मला आनंदच झाला. औषध खोटं, एजन्सी खोटी, अर्ज भरायचं कारणच उरलं नाही. आई सुटली.

संध्याकाळच्या चहाला मी दोघांना समोर बसवलं आणि निकाल वाचला. औषध टाकीत कधी गेलंच नाही. वाचलं ते बंद इंजिनाचं डिझेल. आई खाली मान घालून चकल्या मोडत बसली होती.

अण्णांनी बिस्कीट चहात बुडवलं. "माहीत आहे," म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"पहिल्याच फेरीला चारही बाटल्यांची झाकणं काढून हुंगली, सगळ्यांना एकच वास. सव्वीस वर्षं कारखान्यातून सुटताना रॉकेलने हात धुतोय मी. मला रॉकेल कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू टेस्ट बंद केली असतीस. तीन फेऱ्या राहिल्या होत्या ना."

आईने मान वर केली. अण्णा बिस्किटाकडेच बघत बोलत होते. "कारखान्यात आठ महिने झाले, नवं मशीन आलंय. कॉम्प्युटरचं. बटण दाबलं की आपलं आपण कापतं. मला शेजारी स्टूल दिलंय. सांगितलंय, चुकलं तर ओरडा. आठ तास बसतो मी त्याच्याकडे बघत. ते चुकतच नाही गं." अर्धं बिस्कीट चहात पडलं. "ट्रक अडला की अकरा माणसं ओरडतात, मालक, खांदा लावा! आठ महिन्यांत मला कुणी काही कर म्हणून सांगितलं नव्हतं."

मला रडूच आलं. चाळीस कलमं लिहिली होती मी, आणि तुम्हाला एजन्सी का हवीय, हा साधा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. त्यांना एजन्सी नकोच होती. त्यांना त्या स्टुलावरून उठायचं होतं.

"मला सांगायचं नाही होय?" आई म्हणाली.

"काय सांगू? रोज डबा घेऊन जातो आणि बसून येतो, हे?"

आई उठली. देवाच्या फोटोमागे हात घालून तिने अर्ज काढला. तिनेच तो तिथे लपवला होता, म्हणून अण्णांना सापडत नव्हता. तो तिने त्यांच्यासमोर ठेवला, चहाची कपबशी बाजूला सारली. "एजन्सी-बिजन्सी काही नाही. त्या टायवाल्याला मी दारातूनच परतवून लावीन. तुम्ही आपले ट्रकमध्ये बसा. पण आधी नवी बॅटरी टाका. या वयात नवरा ढकलत ढकलत सोलापूरला गेलेला मला चालायचा नाही."

अण्णांचा चेहरा एकदम उतरला. "अगं, पण मग एवढे उतार शोधून ठेवलेत त्यांचं काय?"

"भरा," आई म्हणाली, आणि तिने पेन त्यांच्या हातात दिलं.