मामांना लागणारा हुंकार

आमच्या यांचे मामा इंग्लंडमधल्या एकाही रेडिओला एकटं बोलू देत नसत. लीड्सच्या त्यांच्या घरात न्हाणीघरातला धरून सात रेडिओ होते, आणि प्रत्येकाला मामींनी क्रोशाचं झबलं विणलेलं होतं. त्यांतल्या कुठल्याही रेडिओवर कोणीही काहीही बोलू लागलं, की मामा असतील तिथून "हं" म्हणत. पंतप्रधान बोलले तरी हं, गुलाबाची छाटणी कधी करावी हे कोणी सांगितलं तरी हं. संध्याकाळी समुद्रावरच्या जहाजांसाठी हवामान सांगतात, त्यात नुसती समुद्राच्या भागांची नावं आणि वाऱ्याचा जोर असतो. मामांचा जहाजांशी संबंध एवढाच, की तरुणपणी ते बोटीनं या देशात आले आणि वाटेत बहुतेक दिवस आडवे होते. तरी डॉगर म्हटलं की हं, फिशर म्हटलं की हं, जर्मन बाइट म्हटलं की जरा काळजीचा हं. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेले, तेव्हा मी न राहवून विचारलं. ते म्हणाले, "अवो सूनबाई, तो बिचारा एकटाच बोलून राहिला. कोनी तरी हं म्हनलं पाह्यजे का नाही?"

मामा मूळचे वर्ध्याकडचे. त्यांच्या गावात गोष्ट सांगणारा एक असे आणि हुंकार देणारा दुसरा. हुंकार थांबला की गोष्ट थांबे, कारण ऐकणारा झोपला असला तर पुढचं वाया जातं. चाळीस वर्षं यॉर्कशरचं पाणी पिऊनही मामांचा हा नेम सुटला नाही. फोनवरच्या उत्तरयंत्राशी त्यांचं कधी जमलं नाही. आमच्या यंत्रावर त्यांचा निरोप असा असे: "हॅलो. मी बोलून राहिलो." मग बराच वेळ काही नाही. मग, "ऐकता ना?" पुन्हा बराच वेळ काही नाही. शेवटी, थोडं दुखावून, "बरं." काय सांगायचं होतं ते आम्हाला कधीच कळत नसे. इस्पितळात ते क्ष-किरण विभागात होते, आणि श्वास रोखून धरा असं माणसांना सांगणं हे त्यांचं रोजचं काम. पण तेवढ्यात त्यांना काहीतरी आठवायचं, ते सांगू लागायचे, आणि समोरचा हं म्हणत नाही म्हणून थांबायचे. एकदा एक धिप्पाड ट्रकचालक छाती फुगवून, लालबुंद होऊन त्यांच्याकडे नुसता बघत राहिला. सुटका झाल्यावर तो म्हणाला, की मी ऐकत होतो हो, पण तुम्हीच श्वास सोडू नका म्हणालात.

मला हे मामा फार आवडत. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी 'वर्गात बोलत नाही' असा शेरा असे. पुढे मी ग्रंथालयात नोकरी धरली, तिथे न बोलण्याचा पगार मिळतो. पण मी चांगलं ऐकते, असं मला आयुष्यात पहिल्यांदा मामांनी सांगितलं. माझा हं त्यांच्या मते दोन नंबरचा होता. एक नंबरचा मामींचा. मामी पोळ्या लाटता लाटता, मागे न बघता, नेमक्या जागी हं म्हणत. मामांची गोष्ट त्यांनी शंभरदा ऐकलेली असली, तरी एकशेएकाव्या वेळचा हं पहिल्यासारखाच ताजा असे.

मग मामी गेल्या. दहाव्या-बाराव्याला आलेली माणसं परतली आणि घरात सात रेडिओ आणि मामा उरले. मामा रेडिओला हं म्हणत, मामांना हं म्हणणारं कोणी नव्हतं. ते आमच्याकडे येऊन बसत, एखादी गोष्ट सुरू करत, आणि माझा दोन नंबरचा हं पुरा न पडून मधेच उठून घरी जात. त्याच सुमारास सरकार छोट्या छोट्या वस्त्यांना स्वतःचं रेडिओ स्टेशन चालवायचे परवाने देऊ लागलं होतं. आमच्या भागातही एक स्टेशन निघालं, गालिच्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. ज्याला आपल्या भाषेत बोलायचं आहे त्यानं यावं, अशी त्यांची सूचना मीच ग्रंथालयाच्या फलकावर लावली होती. मामांना ती दाखवली आणि रविवारी सकाळचा एक तास मराठीला मिळाला.

ते स्टेशन ब्रेंडाबाई चालवत. आधी त्या बसडेपोत गाड्या सोडायच्या कामावर होत्या आणि रेडिओचे कार्यक्रमही बसगाड्यांसारखेच सोडत. त्यांना एकाच गोष्टीची भीती होती, ती म्हणजे शांततेची. रेडिओवर कोणीच बोललं नाही तर त्याला त्या 'मेलेली हवा' म्हणत. त्यासाठी भिंतीवर एक पेटी बसवली होती. शांतता झाली की पेटीवरचा लाल दिवा लागे, आणि ती लांबली की आपोआप ब्रास बँडची सीडी सुरू होई. पहिल्या रविवारी मामांनी खाकरून नमस्कार केला, गावातल्या एका रेड्याची गोष्ट सुरू केली आणि सवयीनं विचारलं, "ऐकता ना?" मग ते थांबले. लाल दिवा लागला. मामा सभ्यपणे वाट बघत राहिले. यॉर्कशरच्या खाणकामगारांचा बँड ट्युबासकट कोसळला. त्या तासात रेडा गोठ्याबाहेर पडू शकला नाही आणि बँड अकरा वेळा वाजला.

दुसऱ्या रविवारपासून मामांसमोरच्या खुर्चीवर मी बसू लागले. माझं काम हं म्हणणं. ब्रेंडाबाईंनी आधी तक्रार केली, की कार्यक्रमात कोणाच्या तरी पोटात दुखत असल्यासारखं ऐकू येतं. मग त्यांनी मला माइकपासून दोन हात लांब सरकवलं, आणि मामांची गाडी सुरू झाली ती झालीच. बातम्या नाहीत, गाणी नाहीत. तासभर वर्ध्याकडची माणसं, त्यांच्याच बोलीत. स्टेशन इंटरनेटवरही लागत असे, त्यामुळे मेडनहेडहून एका पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्या गृहस्थांचं ईमेल आलं, की कार्यक्रम प्रमाण मराठीत असावा, आणि 'आनि' नसून 'आणि' आहे. मामांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि प्रत्येक वाक्याला हं म्हटलं. "चुका काढाले का होईना, ऐकते तर," म्हणाले.

पण त्या ईमेलशिवाय वर्षभरात काही आलं नाही. पंजाबी तासाला फोन घेता घेता ब्रेंडाबाईंचा चहा निवायचा. मराठी तासाला तो फोन एकदाही वाजला नाही. मामा दर पाच मिनिटांनी "ऐकता ना?" विचारत आणि काचेपलीकडच्या फोनकडे बघत. वसंत ऋतूत स्टेशनची तपासणी व्हायची होती, आणि आमचा तास फुटबॉलवाल्या मंडळींनी मागितला होता. ब्रेंडाबाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "लव्ह, तुझे अंकल फार गोड आहेत, पण मला ऐकणारे दाखवावे लागतात." मामांना मी हे सांगितलं. घरी जाऊन त्यांनी रेडिओंची झबली धुवायला काढली. मामींच्या मागं ती तोवर कोणी धुतली नव्हती.

उलगडा झाला तो महाराष्ट्र मंडळाच्या गुढीपाडव्याला, शाळेच्या हॉलमध्ये, श्रीखंडाच्या रांगेत. माझ्या पुढच्या बाई म्हणाल्या, "मामा दर रविवारी किती आपुलकीनं विचारतात हो, ऐकताय ना म्हणून. आमच्या सासूबाई तर लगेच म्हणतात, हं." मी विचारलं, कुणाला म्हणतात? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "रेडिओला," म्हणाल्या. मी रांग सोडून हॉलभर फिरले. एरवी मी अनोळखी माणसांशी बोलत नाही, पण त्या दिवशी टेबलाटेबलाशी जाऊन विचारलं. सगळे म्हणत होते. कोणी भांडी घासताना, कोणी गाडी चालवताना, एक तर दाढी करताना म्हणत असे आणि दोनदा कापलं होतं. मामांनी विचारलं, आम्ही उत्तर दिलं, मग वेगळा फोन कशाला करायचा, असा सगळ्यांचा सरळ हिशोब होता. त्याच रात्री मी तो मामांना सांगितला.

तपासणीच्या रविवारी मोराग नावाच्या बाई आल्या. स्कॉटलंडच्या पश्चिमेला एका बेटावर त्या गेलिक भाषेचं स्टेशन चालवत, आणि इतर छोटी स्टेशनं बघून काय ठेवावं, काय काढावं याचा सल्ला देत. बेटावर मेंढ्या जास्त आणि माणसं कमी, असं त्यांनीच सांगितलं. त्या ब्रेंडाबाईंच्या शेजारी काचेपलीकडे बसल्या. मामांनी माइक जवळ ओढला. "आज आमची सूनबाई गप बसनार हाये," ते म्हणाले. "हं तुमी म्हनायचं. फोन उचला, हं म्हना, ठेवून द्या. जास्त बोलू नका, गोष्ट लांब हाये." आणि त्यांनी सुरू केली, त्यांच्या गावात पहिला रेडिओ आला त्याची गोष्ट. ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर तो ठेवला आणि सगळं गाव समोर बसलं. "ऐकता ना?"

मामा थांबले. मी ओठ दाताखाली धरला. लाल दिवा लागला. वर्षभरात मला इतकं जड काही वाटलं नव्हतं, एक हं नुसता घशात धरून बसणं. बँड आता कोसळणार, असं वाटलं तेवढ्यात पलीकडे फोन वाजला. ब्रेंडाबाईंनी उचलला, ऐकला, कपाळाला आठी घालून ठेवला, आणि वहीत काहीतरी लिहिलं. मामांचा चेहरा उजळला आणि त्यांनी पुढचं वाक्य टाकलं. पुन्हा फोन. पुन्हा आठी. सातव्या-आठव्या फोनला ब्रेंडाबाई दार उघडून मला म्हणाल्या, की कोणीतरी वाईट टिंगल करतंय, पोलिसांना कळवावं लागेल. मोरागबाईंनी वही ओढून घेतली. तिच्यात लिहिलं होतं: पुरुष, घुरघुरला, फोन ठेवला. बाई, घुरघुरली, फोन ठेवला. बाई, वयस्कर, दोनदा घुरघुरली.

मी काचेपलीकडे जाऊन मोरागबाईंना हुंकार म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी तोंडानं झर्रकन श्वास आत ओढला, दचकल्यासारखा. "आमच्याकडे हो असा म्हणतात," त्या म्हणाल्या. "श्वास आत घेऊन. शहरातून नवीन डॉक्टर आला की त्याला वाटतं सगळ्या बेटाला दमा आहे." मग त्या ब्रेंडाबाईंकडे वळल्या. "फोन थेट हवेत सोडा. सगळे."

ब्रेंडाबाईंनी आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्या होत्या. त्यांनी बटण वर सरकवलं. त्यानंतरचा अर्धा तास मी मरेपर्यंत विसरणार नाही. मामा सांगत होते, की बातम्या देणाऱ्याला सगळं गाव हं म्हणत होतं, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यावर या देशाच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून उत्तर येत होतं. नॉटिंगहॅमहून एका नर्सचा हं आला, मागे वॉर्डातली घंटा वाजत होती. स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकावरून एका डॉक्टरीणबाईंचा आला, त्यात वाराच जास्त होता. इथेच जन्मलेली एक लहान मुलगी तिच्या मराठीत म्हणाली, "माझा आजी पण हं म्हणतो." मेडनहेडचे गृहस्थ म्हणाले, "हं. पण 'आनि' नव्हे, 'आणि'." मामा त्यांना म्हणाले, "हो बाप्पा," आणि पुढे निघाले. शेवटी बातम्या संपल्या, रेडिओ बंद झाला, आणि गावचा पाटील रागावला. आपन इतका वेळ हं म्हनलं, आनि हा गडी जातो म्हनून न सांगता उठून गेला. काचेपलीकडे मोराग श्वास आत ओढत होत्या. बँडची सीडी त्या दिवशी वाजली नाही.

तास वाचला. ब्रेंडाबाई म्हणाल्या, फुटबॉलवाल्यांना शनिवार घेऊ द्या, त्यांना ओरडायला वार लागत नाही. वहीतलं ते पान त्यांनी चौकटीत घालून भिंतीवर लावलं. मामा त्याच्याखाली बसून आणखी तीन वर्षं बोलले. रेडा गोठ्याबाहेर पडला, गावभर हिंडला, त्याचं लग्नसुद्धा लागलं. घरी मामा पुन्हा हसू लागले. झबली दर महिन्याला धुतली जाऊ लागली.

या हिवाळ्यात मामा गेले. स्मशानगृहात अर्ध्या तासाची वेळ मिळते. ब्रेंडाबाईंनी मामांच्या एका कार्यक्रमाची सीडी आणली होती आणि ती वाजवायच्या यंत्रापाशी त्या स्वतः उभ्या राहिल्या. हॉल भरून माणसं बाहेर उभी होती. मामांचा आवाज आला, रेड्याची गोष्ट थोडी पुढे गेली, आणि त्यांनी विचारलं, "ऐकता ना?" त्यापुढचा माझा हं ब्रेंडाबाईंनी कापला होता, शांतता मात्र पूर्ण ठेवली होती. सगळा हॉल म्हणाला, हं. ब्रेंडाबाईही म्हणाल्या, अगदी वर्ध्याकडच्यासारखा. माझं तर ते कामच होतं, पण माझा हं मात्र राहून गेला.

घरी आल्यावर हे म्हणाले, जरा पड. मी स्वयंपाकघरात गेले. मामांचा एक रेडिओ आता आमच्या खिडकीत आहे, झबल्यासकट. चहा टाकता टाकता तो लावला, तर तो गृहस्थ जहाजांसाठी हवामान सांगत होता, संथपणे, एकटाच. डॉगर, म्हणाला. फिशर. जर्मन बाइट.

हं, मी म्हटलं.