चौथ्या फ्रेमवरची सावली

फोटोग्राफीच्या धंद्यात माझी उभी हयात गेली. "फोटोत कुणीतरी दिसतंय हो" म्हणत येणारी माणसं ढिगाने पाहिली. दरवेळी कारण सापडलं – एकावर एक पडलेली दोन चित्रं, कॅमेऱ्यात शिरलेला उजेड, नाहीतर फिल्म धुवायचा शिळा डेव्हलपर. अमानवीय वगैरेवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. म्हणून तर हे लिहिताना माझी माझ्यावरच चिडचिड होतेय...

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी गिरगावातल्या एका स्टुडिओत कामाला होतो आणि परळच्या एका चाळीत नुकताच राहायला आलो होतो. फिल्म मिळायची मारामार. मालकांनी कुठूनतरी मुदत उलटलेल्या फिल्मचा डबा पैदा केला. डब्यावर फिल्मचा वेग – म्हणजे ती उजेड किती पटकन टिपते तो आकडा – छापला होता शंभर. तो खरा मानून मी शिवाजी पार्कची सभा टिपली, आणि सगळे फोटो काळेकुट्ट!

मालक म्हणाले, "मनोहर, रविवारी परत सभा आहे. त्याआधी ह्या फिल्ममध्ये किती जीव उरलाय ते शोध. पुन्हा काळोख आणलास, तर कॅमेरा इथे ठेव आणि घरी बस."

मला स्टुडिओत दोनला जायचं असायचं. त्याआधी चाळीच्या गच्चीवर चाचणी सुरू केली. खुर्चीवर ग्रे कार्ड – म्हणजे ठरावीक करड्या रंगाचा पुठ्ठा – उन्हात टेकवायचं, लाइट मीटरने उजेड मोजायचा आणि फिल्मचा वेग दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस, बारा असा उतरता धरत पाच फोटो काढायचे. कार्डाच्या बाजूला पाटी, तिच्यावर खडूने आकडा. ताज्या फिल्मवर काढलेल्या निगेटिव्हशी जी जुळेल, तिचा आकडा हाच फिल्मचा खरा वेग. ह्यात चुकण्यासारखं काही नाही.

वेग कमी धरला की फिल्मवर उजेड जास्त सोडावा लागतो, आणि उजेड जास्त तितकी निगेटिव्ह काळी; म्हणजे प्रत्येक निगेटिव्ह आधीच्यापेक्षा गडद यायला हवी. तीन तशा आल्या. चौथी मात्र पहिलीपेक्षाही फिकी! पाचवी पुन्हा बरोबर.

शटर अडकलं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी कॅमेरा बदलला. चौथी फिकी. तिसऱ्या दिवशी मीटर दुसरं आणलं, डेव्हलपर नवा कालवला, क्रमही उलटा केला – बारापासून दोनशेपर्यंत. आता निगेटिव्ह ओळीने फिक्या होत जायला हव्यात, तरी चौथी पाचवीपेक्षाही फिकी! डोकं फिरायची पाळी आली. एवढंच ध्यानात आलं की, चौथा फोटो घेताना रोज गिरणीचा दुपारच्या सुटीचा भोंगा वाजत होता. आभाळ निरभ्र, मीटरचा काटा स्थिर, कार्डावर लख्ख ऊन – स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

क्रम उलटा केल्याने पंचवीसचा फोटो दुसरा आला आणि तंतोतंत जुळला. वेग सापडला, रविवारची सभा उत्तम आली, नोकरी वाचली. विषय तिथेच सोडायचा ना... पण मी हट्टाला पेटलो. ती चौथी फ्रेम मोठी करून छापली.

पाटीवरचा आकडा उन्हात झगझगीत. कार्डावर मात्र सावली – माणसाच्या डोक्याची आणि खांद्यांची.

गच्चीवर माझ्याशिवाय फक्त शेजारच्या शेवंताकाकी असायच्या, पार दुसऱ्या टोकाला, सुकट वाळत घालत. मी तडक त्यांच्या खोलीवर गेलो. "काकी, फोटो काढताना तुम्ही उन्हात आला होतात का? खरं सांगा."

काकींनी प्रिंट हातात घेतला आणि दारातल्या उजेडात नेऊन पाहिला.

"ह्यो माझो वसंतो," त्या म्हणाल्या. "डावो खांदो बघ, खाली गेलेलो आसा. गिरणीत सुताचे टोपले उचलून उचलून तसो झालेलो."

"कोण वसंत?"

"माझो झिल. मोर्चात गोळी लागान गेलो. भोंगो झालो की जेवूक वर गच्चीवर येय, माझ्या वांगडा." मग प्रिंटवरून बोट फिरवत म्हणाल्या, "घरात त्याचो एकय फोटो नाय रे. परत काढशीत? तोंड गावात काय?"

काकींच्या या मुलाचं मी नावही ऐकलं नव्हतं, खांदा कुठला माहीत असणार! आणि आता सावलीचा चेहरा मिळवून द्यायचा म्हणे! काकींची समजूत घालावी की सरळ नाही म्हणावं, कळेना. शेवटी हो म्हणून बसलो.

पंधरा दिवस, तीच खुर्ची, तेच कार्ड, तोच भोंगा. काकी धुतलेलं लुगडं नेसून बाजूला बसायच्या. आणि रोज पाचही निगेटिव्ह अगदी बिनचूक! ओळीने, नियमाप्रमाणे. इतकं बरोबर काम मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि इतका संतापही मला कधी आला नव्हता. एकदा तर ओली पट्टीच कात्रीने कापून टाकली.

सोळाव्या दिवशी काकींनी स्वतःच कार्ड उचलून माझ्या हातात दिलं. "रवांदे आता. तुका उगाच त्रास."

त्यांनी तोच प्रिंट फ्रेम करून मागितला. पुढे कितीतरी वर्षं तो त्यांच्या भिंतीवर होता. पाहुणे विचारायचे, हा करडा चौकोन कसला...

निगेटिव्ह माझ्याकडे आहे. धंद्यातल्या जाणत्या माणसांना दाखवली. प्रत्येकाने कारण सांगितलं, आणि एकाचंही पाटीवरच्या उन्हाशी जुळत नाही.