काचेवरचं गंध

वडील गेल्यावर नेरे गावातलं आमचं जुनं घर पाडायचं ठरलं, तेव्हा मी तीन याद्या केल्या. काय वाटून टाकायचं, काय पनवेलच्या फ्लॅटवर आणायचं, आणि आणलेल्याचं काय करायचं. तिसऱ्या यादीत सतरावी ओळ होती: फोटोंच्या काचा पुसणे. अठरावी: सगळ्या फोटोंचे मोबाइलवर फोटो काढणे. एकोणिसावी: मागे नावांच्या पट्ट्या चिकटवणे. क्रम मीच लावला होता. काच स्वच्छ असली की फोटो चांगला येतो.

त्यात एक फोटो पलटणीचा होता. माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ पायदळात होता. दुसऱ्या महायुद्धात, लढाई संपायला थोडेच महिने उरले असताना, ब्रह्मदेशात गोळी लागून गेला. लग्न झालेलं नव्हतं. देह आला नाही, सामान आलं नाही, तार आली. शेवटच्या रजेत त्याने आणलेला हा फोटो तेवढा घरात राहिला. चार रांगा, अडतीस माणसं, एकसारख्या टोप्या, बहुतेकांना एकसारख्या मिशा. एकेक चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा.

अडतिसांतला तो कोणता, हे त्याच्या आईने गंधाने दाखवून ठेवलं होतं. पितृपक्षात शस्त्राने मेलेल्यांची चतुर्दशी असते. त्या दिवशी ती काचेवर, बरोबर त्याच्या कपाळावर, चंदनाचं बोट टेकवायची. तिच्यानंतर तिच्या मुलीने ते चालू ठेवलं. ही मुलगी म्हणजे माझ्या वडिलांची आत्या, आमची आत्याआजी. भाऊ गेला तेव्हा ती सात वर्षांची होती. त्याला डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता तेवढं एकच उरलं आहे. वर्षानुवर्षं गंधावर गंध बसून काचेवर त्या जागी टिकलीएवढा खडबडीत डाग झाला होता.

तो मी ब्लेडने खरवडून काढला.

ते गंध आहे हे मला माहीत होतं. देवांच्या तसबिरी आपण दिवाळीआधी पुसतो आणि नवं गंध लावतो, तसंच हे, असं वाटलं. पण देवाच्या तसबिरीत कपाळ एकच असतं. हे माझ्या ध्यानात आलं ते एकोणिसाव्या ओळीवर, हातात पट्टी आणि पेन घेऊन बसल्यावर. मोबाइल उघडला. फोटो छान आला होता, अडतीसही चेहरे स्वच्छ. पाठीमागचा कागद फाडून पाहिला, तिथे काही लिहिलेलं नव्हतं. वडिलांना माहीत होतं. त्यांना मी कधी विचारलं नाही, कारण खूण होतीच.

यादीत नवी ओळ घातली: आत्याआजीला विचारणे. काचबिंदूने तिची नजर जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी घातली.

चतुर्दशीला तिला नेरेतल्याच तिच्या सासरच्या घरून गाडीने पनवेलला आणलं. वाटेत सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत्याआजी, तो कितव्या रांगेत आहे गं?"

"रांग कशाला मोजू मी? माजा भाऊ हाय तो, रेशनचा नंबर नाय." आणि मग आपणहून सांगायला लागली. "रजेवर आला तो पनवेलपासून अनवाणी. बूट गळ्यात बांधलेले. बा म्हणला, अरे, पायात घाल की. तर म्हणतो कसा, सरकारचे हायत, झिजतील." ती हसली. मीही हसले.

घरी आल्यावर तिने स्वतः सहाणेवर चंदन उगाळलं. फोटो मांडीवर घेतला. उजव्या हाताचं बोट गंधात बुडवून धरलं आणि डाव्या हाताने काच चाचपायला लागली. गेली दोन वर्षं ती त्याला अशी शोधत होती, हे मला तेव्हा कळलं. वरच्या कडेपासून खालपर्यंत बोटं फिरली. मग पुन्हा वरून.

"बाय, फोटो बदललास?"

"नाही. तोच आहे."

"मग हा कुठं गेला?"

"मी काच पुसली," मी म्हटलं. "गंध निघालं."

ती ओरडली नाही. म्हणाली, "जागा ठाव हाय ना तुला?"

हो म्हणून तिचं बोट धरून कुठेही टेकवता आलं असतं. दुसऱ्या रांगेतला तिसरा मी मनात धरूनही ठेवला होता, त्याचे कान वडिलांसारखे आहेत.

"नाही," मी म्हटलं. "त्याचे कान मोठे होते का गं?"

"कान?" ती म्हणाली. "कान नाय आठवत गो. बूट तेवढे आठवतात."

फोटोत पुढच्या रांगेतल्या सगळ्यांच्या पायांत बूट आहेत. मागच्यांचे पाय दिसत नाहीत.

"सगळ्यांनाच लावूया का?"

"सगळ्यांना? सगळे काय मेले?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "कोण कोण घरी आले असतील, पोरंबाळं झाली असतील त्यांना. जित्या माणसाच्या कपाळाला चतुर्दशीचं गंध लावतात?"

बोटावरचं गंध वाळलं होतं. ते तिने पदराला पुसलं आणि फोटो माझ्याकडे दिला.

एकोणिसावी ओळ मी नंतर पुरी केली. बाकीच्या पट्ट्यांवर नाव आणि नातं आहे. या फोटोमागच्या पट्टीवर "यांपैकी एक" एवढंच लिहिलं आहे.

यंदा चतुर्दशीच्या आदल्या दिवशी मी तिला फोन केला, न्यायला कधी येऊ म्हणून.

"नको येऊस," ती म्हणाली. "कोणाला बघायला येऊ मी?"