हर्सूलच्या भिंतीपाशी

"ओळख, यातला तुझा बाप कोणता?"

सरांनी असं विचारलं आन् अख्खी रांग थांबली. आमची सहावीची सहल गुलमंडीकडून पायी हर्सूलच्या तलावाला चालली व्हती. वाटेत तुरुंग लागतो. भिंतीबाहेरच्या शेतात कैदी निंदायला बसले व्हते. पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या.

माझा बाप त्या तुरुंगात हाय, हे शाळेत फक्त सरांना ठाव व्हतं. नाव घालताना मायनंच हात जोडून सांगितलं व्हतं, "सर, पोरांत कळू देऊ नका." आम्ही मेंढरंवाले. मेंढरं पाटलाच्या हरभऱ्यात घुसली, मारामारी झाली, पाटलाच्या पोराचं डोकं फुटलं. माझा बाप, आबा, आत गेला. सर त्याच पाटलाच्या भावकीतले, हे मायला ठाव नव्हतं.

भेटीला मायसंगं मी ह्याच वाटंनं यायची. सहलीला येत नाय म्हणले तर कारण विचारतील, म्हणून आले. रांगेच्या मधी, मान खाली घालून चालत व्हते.

"बोल ना. लाजतेस कशाला? मुलांनो, वाईट वळण लागलं की माणूस कुठं जातो, ते हिला विचारा."

कुणीतरी हसलं. जोडीच्या पोरीनं माझा हात सोडला. हसण्यापेक्षा ते लई लागलं.

आवाज ऐकून आबानं वर बघितलं. मी दिसले तशी त्यानं पाठ फिरवली. पोरीची अब्रू राहावी म्हणून माझा बाप मला वळख देत नव्हता. त्याच्या हातातलं खुरपं नुसतंच हलत व्हतं.

"कोणताच नाही? मग पुढं ये, नीट बघ."

मी रांगेबाहेर आले. 'ह्यात नाय' म्हणले असते तर सुटले असते. आबालाही तेच पाहिजे व्हतं. पण ती वाकलेली पाठ बघितली आन् वाटलं, आज नाय म्हणले तर जल्मभर नायच म्हणत राहीन.

"आबा."

हाक शेतापर्यंत पोचली नाय. परत हाक मारली.

आबा उठून उभा राहिला. शिपायानं दरडावलं तसा खाली बसला. पण उभा राहिला व्हता.

"त्यो माझा बाप हाय, सर," मी म्हणले. "अजून काय इचारायचंय?"

सरांनी थोबाडीत दिली. तिथूनच मला एकटीला उन्हात माघारी धाडलं. कुणी मागं येतंय का, ते वळून वळून बघत मी वाटभर रडले.

पुढं वर्गात शेजारी कुणी बसलं नाय. व्हरांड्यात सरांची चप्पल वाजली की अंगाला घाम फुटायचा. तरी शाळा सोडली नाय.

आता मी मास्तरीण हाय. परवा आमच्या शाळेतल्या एका गुरुजींनी एका पोराला वर्गासमोर उभं करून विचारलं, तुझी माय कुणाकुणाची भांडी घासते. मी शेजारच्या वर्गातून उठून गेले. पोराला हाताला धरून जागेवर बसवलं.

"बाई, मी वर तक्रार करीन," गुरुजी म्हणाले.

"करा."

भीती गेली नाय माझी. जाणारही नाय. पण माझ्या देखत कुण्या लेकराला त्याच्या घरावरून कुणी उभं करायचं नाय. करील, त्याची गाठ आधी माझ्याशी हाय.