दाराबाहेरचे बूट

माझा आवाज मोठा आहे. गारखेड्याला असताना मी गॅलरीतून भाजीवाल्याला हाक मारली की मागच्या गल्लीतला दूधवालाही थांबायचा, असं नवरा येईल त्याला सांगतो. वाळूजच्या कारखान्यात रोज ये-जा करण्याला नवरा कंटाळला, म्हणून आम्ही तिथल्याच बजाजनगरला राहायला आलो. सामान चढवताना मी हमालांना सूचना देत होते, तेवढ्यात एका बाईनं तोंडावर बोट ठेवून आमच्या समोरचं दार दाखवलं. दाराबाहेर काळे सेफ्टी बूट होते.

बूट बाहेर म्हणजे माणूस रात्रपाळी करून आलाय आणि झोपलाय. आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना हे चालता यायच्या आधीच कळतं. दिवसभर कुठल्या ना कुठल्या दाराशी बूट असतातच. म्हणून जिना चवड्यांवर उतरायचा, शिट्टी व्हायच्या आत कुकरखालचा गॅस बारीक करायचा आणि गच्चीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून शेवटी उतरेल त्यानं कडी लावायची. सुरुवातीला मी नुसती धुमसत होते. मग एक दिवस मुलाच्या लहानपणीच्या चित्रांच्या पुस्तकांचं खोकं उघडलं आणि माझा जीव थाऱ्यावर आला.

खोटं बोलून पस्तावलेला कोल्हा, झोका सोडायला तयार नसलेलं माकड, पडून पुन्हा चढणारी खारूताई. सगळे जिथल्या तिथं होते. मी रविवारी जिन्याखाली सतरंजी टाकली आणि पोरं गोळा झाली. वाचायचं अर्थात कुजबुजत, वाघाची डरकाळीसुद्धा कुजबुजत. माझ्यासारखीला ही काय शिक्षा आहे ते मलाच ठाऊक. पण पोरांचे डोळे असे काही मोठे व्हायचे की मी सगळं विसरायचे. माकडानं झोका सोडला, त्या संध्याकाळी एका दांडग्या पोरानं आपली सायकल आपणहून दुसऱ्याला दिली. मी ही बातमी नवऱ्याला निवडणुकीच्या निकालासारखी सांगितली. निघताना प्रत्येकानं एक पुस्तक घरी न्यायचं आणि पुढच्या रविवारी परत आणायचं, असंही ठरलं.

समोरच्या घरातली साडेचार वर्षांची मुलगी सगळ्यांत पुढं बसायची आणि एक अक्षर बोलायची नाही. शाळेतही तेच. बालवाडीच्या बाईंनी तिच्या आईला बोलावून सांगितलं होतं की हिला डॉक्टरला दाखवा, बोलली नाही तर यंदा मोठ्या गटात घेता येणार नाही.

"घरात बोलती ओ काकू, लई बोलती," तिची आई मला म्हणाली. "पण असं, कानात. तिचे पप्पा झोपल्याले असतेत ना."

त्या बाईचा उतरलेला चेहरा मला बघवेना. दुसऱ्याच दिवशी मी औरंगपुऱ्यातलं पुस्तकांचं दुकान पालथं घातलं आणि मला हवं ते सापडलं. धुक्यात चुकलेल्या वासराचं पुस्तक. त्याला आईला हाक मारायची असते, पण गोठ्यातले सगळे जागे होतील, रागावतील, म्हणून ते गप्प राहतं. मग ते हळूच 'आई' म्हणतं, पुढच्या पानावर जरा मोठ्यानं, आणि अक्षरं वाढत वाढत शेवटी दोन्ही पानं भरून टाकतात. अडल्यावर हाक मारावी, त्यासाठी कुणी रागावत नाही, एवढंच त्यात होतं. परतताना रिक्षात मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. रविवार कधी येतो असं झालं होतं मला.

रविवारी अक्षरं मोठी होत गेली, आवाज काही झाले नाहीत. शेवटच्या पानावर सगळी पोरं आ वासून, जीव तोडून कुजबुजली, "आई." मी तडकलेच. सगळ्यांना उठवून मागच्या मोकळ्या मैदानात नेलं. तिथं त्यांनी असा काही गळा काढला की चरणाऱ्या शेळ्या पळाल्या. समोरच्या मुलीचे मात्र नुसते ओठ हलले. मी मनातून खट्टू झाले. घरी न्यायला तिनं तेच पुस्तक उचललं, आणि पुढच्या रविवारी परत आणलं नाही. मीही मागितलं नाही.

त्यानंतरची एक दुपार. तिची आई गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरली. लेक पुढं गेली असं समजून तिनं दाराला कडी लावली. कुणी राहिलंय का, असं मोठ्यानं विचारायची आमच्याकडं पद्धतच नाही. कपडे घरात टाकून, लेक आत पप्पांजवळ निजली असेल असं धरून ती तशीच दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेली.

मी स्वयंपाकघरात डाळ निवडत होते. वरून हाक आली, "आई." मग जरा मोठी. मग अशी की पुस्तकातली शेवटची दोन पानं माझ्या डोळ्यांपुढं उघडली. माझ्या हातातलं ताट दाणकन खाली पडलं आणि मी बाहेर धावले. समोरचं दार उघडलं. तिचे वडील अनवाणी, बनियनवर, लाल डोळ्यांनी उभे होते.

"कोण वरडतंय?" त्यांनी विचारलं.

"तुमची लेक," मी म्हणाले.

ते दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले आणि कडी काढली. पोर उन्हानं लालबुंद झाली होती, गालांवर रडं वाळलं होतं. वडिलांना बघताच ती एकदम कुजबुजीवर आली.

"पप्पा, झोप मोडली?"

ते तिथंच तापलेल्या फरशीवर बसले आणि तिला कुशीत घेतलं. "मोडू दे," ते म्हणाले. "अजून एकदा मार बरं हाक."

तिनं मारली. खालच्या गॅलऱ्यांतून माणसं डोकावली. मी मोठ्यानं रडले, कारण मला हळू काही जमतच नाही.

पुढच्या रविवारी मी सतरंजी घेऊन निघाले, तर समोरच्या दाराबाहेर बूट नव्हते. मुलगी पुस्तक कवटाळून माझ्याआधी जिना उतरत होती.

"पप्पा कामावर गेले का?" मी तिच्या आईला विचारलं.

"हायेत की घरात, झोपलेत," ती म्हणाली. "बूट आत घे म्हणले. पोरांना दिसू नाय."

खाली पोरं जमली होती. मुलीनं पुस्तक उघडलं आणि पाठ झालेली गोष्ट सांगायला लागली, तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाईल अशी.