लसीतला पांढरा गाळ

नर्सबाईंनी लसीची बाटली हलवली, तसा तळाचा पांढरा गाळ वर आला. दीड महिन्याची लेक माझ्या मांडीवर होती. मी बाटलीकडे बोट दाखवलं.

"हे काय आहे?"

"अ‍ॅल्युमिनियमचा क्षार, ताई. नुसत्या लसीनं शरीर नीट जागं होत नाही. आणि लढायचं कसं, रक्तात प्रतिपिंडं करायची की लढणाऱ्या पेशी धाडायच्या, तेही बरंचसं यावरच ठरतं."

दुपारी लेकीच्या मांडीवर, सुई टोचली होती तिथं, गरम गाठ आली. "येतेच, जिरेल," नर्सबाई फोनवर म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी जिरलीही. पण त्या दुपारी मी गाठीवर बोट ठेवून घाबरून बसले होते. लेक अजून मला ओळखून हसतही नव्हती, आणि आत तिचं शरीर शत्रू ओळखायला शिकत होतं. तिथं मला तिच्यासोबत जाता येत नव्हतं.