पत्रिकेचं पॅकिंग

यांचा उजवा हात आणि पाय लकव्यानं गेला, त्याला आता वर्ष होत आलं. बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईल, त्यांना प्रयत्न करायला लावा. पण हे प्रयत्नच करत नाहीत. खाट पडवीत टाकली आहे. सकाळी डोळे उघडतात, अंगणात उभी असलेली आपली माल-रिक्षा बघतात, तिच्याखाली पडलेला तेलाचा डाग बघतात आणि भिंतीकडे कूस करतात. मग दिवसभर मला त्यांची पाठ दिसते. मी बोलते आणि माझं मीच ऐकते.

डाग रोज वाढत होता. मी त्यावर सारवायची, पण तेलावर शेण धरत नाही. वाळलं की पापुद्रा सुटून येतो. गळत होतं ते गिअरबॉक्सच्या झाकणातून. फटीतून तेल येऊ नये म्हणून झाकणाखाली जाड कागदाचं पॅकिंग असतं, ते गेलं होतं. माझ्या मनानं घेतलं, की हे गळणं थांबलं तर यांचं भिंतीकडे वळणंही थांबेल.

एरंडोलला स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानात सगळी पुरुषमाणसं. शेठ म्हणाले, "बोला भाभी, कोणतं पॅकिंग? मॉडेल कोणतं?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नंतर येते," आणि बाहेर पडले. रिकाम्या हातानं कसं परतायचं म्हणून शेजारच्या दुकानातून मीठ घेतलं. घरात मीठ होतं.

एस.टी.त बसल्यावर आठवलं, हे तरी पॅकिंग कुठे विकत आणायचे! घरी आलेल्या लग्नपत्रिका जपून ठेवायचे. जाड पत्रिका झाकणावर दाबायची, काठाकाठानं हातोडीनं हलके ठोकायचं, की आकार आपोआप कापला जातो. बोल्टच्या भोकावर बेअरिंगचा छर्रा ठेवून एक टोला दिला, की गोल भोक पडतं. मी पाने हातात द्यायची आणि बॅटरी धरायची. पण कापायच्या आधी पत्रिकेवरचा गणपती ते कात्रीनं अलगद काढून घ्यायचे. "देवाला तेलात नाही बुडवायचं," म्हणायचे. टूलबॉक्सच्या झाकणाला आतून असे कितीतरी गणपती चिकटवलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी खाली घमेलं लावून तेल काढलं, बोल्ट काढले. काही बोल्ट लांब असतात, काही आखूड, म्हणून ज्या जागेचा बोल्ट त्याच जागी पुठ्ठ्यात खोचून ठेवला. जुनं पॅकिंग करपून चिकटलं होतं, ते खरवडत बसले. शेजारच्या अक्का कुंपणावरून डोकावल्या.

"काय वं माय, आते गॅरेज टाकस का?"

"नाही हो अक्का, तेल गळतंय."

"नवरा बोलत नही, ते आते गाडीसंगे बोलस का?"

मी हसले. अक्का गेल्या, तशी पुन्हा खरवडायला घेतलं.

पत्रिका वाया जाऊ नये म्हणून त्या दिवशी मी आधी बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बसवला. बोल्ट आवळले ते गोणीचं तोंड शिवतात तसे, एका टोकाकडून सुरू करून ओळीनं, करकचून. सकाळी पाहिलं तर गाडीखाली तेल होतंच. यांनीही पाहिलं. कूस केली.

मग फळीवरची पत्रिका काढली. धरणगावला नणंदेच्या मुलीचं लग्न झालं, त्याची. यांना सोडून मला जाता आलं नव्हतं. चांगली जाड, कोपऱ्याला हळद लागलेली. झाकण पुन्हा उघडून पत्रिका त्यावर दाबली आणि हातोडी उचलली.

"अं!"

मागे पाहिलं. यांचं तोंड माझ्याकडे होतं. डावा हात उचललेला. मी पाणी नेलं, त्यांनी मान हलवली. उशी सारखी केली, पुन्हा मान हलवली. हात पत्रिकेकडेच होता. तेव्हा लक्षात आलं. गणपती तसाच राहिला होता.

कात्री आणून गणपती कापला आणि त्यांच्या डाव्या हातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली.

मग तोंड फिरवलंच नाही. मी पॅकिंग कापलं, बसवलं, बोल्ट हातानं लावले आणि एका टोकाकडून आवळायला घेतले. पुन्हा "अं!" मूठ न सोडता एका बोटानं, आवळलेल्याच्या बरोबर समोरचा बोल्ट दाखवला. मी तो थोडा आवळला. मग तिरपा. मग त्याच्या समोरचा. पुन्हा पहिला, अजून थोडा. काल मी एकच बाजू दाबत गेले, म्हणून दुसरी उघडी राहिली होती. शेवटच्या बोल्टला मी जास्त जोर लावायला गेले, तर त्यांच्या कपाळाला आठी पडली. ती आठी मला किती दिवसांनी दिसली! पूर्वी पाना उशिरा दिला की पडायची.

काढलेलं तेल गाळून पुन्हा भरलं, कमी पडलं ते डब्यातलं घातलं.

सकाळी गाडीखाली कोरडं होतं. मी म्हटलं, "बघा, थेंब नाही." त्यांनी नीट पाहिलं. कोरड्या जमिनीकडे बराच वेळ पाहिलं. मग मूठ तशीच ठेवून भिंतीकडे कूस केली.

त्यानंतर रोज जमीन कोरडी आणि रोज पाठ. बोट दाखवायला आता त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

आज दुपारी त्यांचा डोळा लागला होता. मी टूलबॉक्समधून पाना काढला आणि झाकणाचा खालचा एक बोल्ट थोडा सैल करून ठेवला.